'कॅश' : एका शब्दाची रोजकीर्द

(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेत पाऊल टाकल्यापासून ज्या एका शब्दाने आमची पाठ सोडलेली नाही, तो शब्द म्हणजे 'कॅश'. कॅश बुक, पेटी कॅश, कॅश मेमो, कॅश डिस्काउंट, कॅश क्रेडिट, कॅश फ्लो – एकाच देवाची ही वेगवेगळी नावे आहेत की काय असे सुरुवातीला वाटत असे. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांनी या शब्दापुढे 'रोख' असे लिहून ठेवलेले असते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. परंतु जरा खोलात गेले की असे दिसते की हा शब्द बोलणारा माणूस बदलला म्हणजे शब्दाचा अर्थही बदलतो. दुकानदाराची कॅश वेगळी, हिशेबतपासनिसाची वेगळी, प्राप्तिकर खात्याची वेगळी आणि ऊसतोडणी मजुराची तर अगदीच वेगळी. प्रस्तुत लेखात या शब्दाचा थोडा इतिहास आणि बराचसा रोजचा वापर पाहावयाचा आहे. आपल्या नियतकालिकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. या शब्दाच्या कुळाचा शोध घेताना दोन्ही विभागांत डोकवावे लागते, हा एक आनंदाचा योग.

प्रथम कूळ पाहू. इंग्रजीत 'कॅश' हे दिसायला एक परंतु मुळात दोन निराळे शब्द आहेत. पहिला, म्हणजे आपण जमाखर्चात वापरतो तो, लॅटिनमधील 'काप्सा' या शब्दापासून आला. काप्सा म्हणजे पेटी. इटालियनमध्ये तिचे 'कास्सा' झाले, फ्रेंचमध्ये 'केस', आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्रजीत 'कॅश' म्हणून रुजू झाली. आरंभी कॅश म्हणजे पैसे ठेवायची पेटीच. पुढे पेटी मागे पडली आणि पेटीतला पैसा तेवढा शब्दात उरला. कॅशियर म्हणजे मुळात पेटी सांभाळणारा. (सैन्यातून अधिकाऱ्याला बडतर्फ करणे यासाठीही इंग्रजीत 'कॅशियर' असे क्रियापद आहे, पण त्याचे मूळ वेगळे आहे, पैशाशी त्याचा संबंध नाही. अफरातफर केलेल्या कॅशियरला 'कॅशियर' केले, असा विनोद मात्र त्यामुळे करता येतो.)

पेटीचा पैसा होणे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. मुंबईच्या बोलीत 'पेटी' म्हणजे एक लाख आणि 'खोका' म्हणजे एक कोटी. २०२२ सालापासून हा दुसरा शब्द राजकीय घोषणांतून इतका गाजला की पुठ्ठ्याच्या खोक्यालाही आता खोके म्हणताना माणूस क्षणभर थांबतो. रोमन लोकांच्या काप्साने जो प्रवास कित्येक शतकांत केला, तो आपल्या पेटीने काही दशकांत उरकला. दुकानातल्या 'गल्ल्या'ची तऱ्हा याच्या उलटी. गल्ला म्हणजे मुळात धान्य. धान्याचा व्यापार करणाऱ्याच्या पुढ्यातल्या पैशाच्या पेटीला तेच नाव पडले. तिकडे पेटीचा पैसा झाला आणि इकडे धान्याची पेटी झाली.

दुसरा 'कॅश' मात्र आपल्या घरचा आहे. तामिळमध्ये आणि कन्नडमध्ये 'कासु' म्हणजे लहान नाणे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी दक्षिणेत हा शब्द ऐकला आणि आपल्या उच्चारात 'कायशा' असा बसवला. योगायोग असा की पोर्तुगीज भाषेत पेटीलाही 'कायशा'च म्हणतात. पोर्तुगीजांकडून तो इंग्रजांनी घेतला आणि 'कॅश' असा लिहू लागले. चीनमधील चौकोनी भोकाचे तांब्याचे नाणे, जे दोरीत ओवून हजाराच्या माळेने मोजत, त्यालाही युरोपियनांनी हेच नाव दिले. म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातला शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून चीनला गेला आणि तेथल्या नाण्याला चिकटला!

कासुचे मूळ विद्वान संस्कृत 'कर्ष' या वजनाच्या नावात पाहतात. याच कर्षावरून 'कार्षापण' हे प्राचीन नाणे आले आणि प्राकृतात त्याचे 'काहापण' झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकातला जो शिलालेख आहे, तो वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी अभ्यासावा. उषवदाताने तीन हजार काहापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा काहापण द्यायचे होते. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा-बारा, तेही दोनशे चाळीस. एक काहापण इकडचा तिकडे नाही. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हा ताळमेळ पाहिला की आमच्या वार्षिक परीक्षेतील न जुळणाऱ्या ताळेबंदांची थोडी लाज वाटते.

इंग्रजांनी मद्रासेत हा दुसरा कॅश नाण्यावर छापला. तेथील जुन्या पद्धतीत ८० कॅशचा एक फनम आणि ४२ फनमांचा एक पगोडा होई. म्हणजे एका पगोड्याचे ३३६० कॅश. पगोडा साडेतीन रुपयांचा धरला तर रुपयाला ९६० कॅश पडत. ही तांब्याची नाणी कंपनी सरकार इंग्लंडात पाडून जहाजाने पाठवीत असे. 'अॅडमिरल गार्डनर' नावाचे असेच एक जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच वाळूत रुतून बुडाले. त्यातील १८०८ सालच्या दहा आणि वीस कॅशच्या नाण्यांचे ढीग १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी वर काढले, आणि ज्या मद्रासच्या बाजारात ती कधी पोहोचली नाहीत त्याऐवजी जगभरच्या संग्राहकांकडे ती गेली. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या तांब्याच्या नाण्यांवर तर कन्नडमधला 'कासु' आणि इंग्रजीतला 'कॅश' हे दोघे एकत्र नांदताना दिसतात. शब्दाचा जन्मदाखला आणि त्याचे पारपत्र एकाच तुकड्यावर! त्रावणकोर संस्थानात १६ कॅशचा एक चक्रम आणि २८ चक्रमांचा एक रुपया असे कोष्टक होते, आणि 'कॅश' असे लिहिलेली नाणी तेथे संस्थान विलीन होईपर्यंत चालत होती.

आपल्या सीमाभागात या सगळ्याच्या खुणा स्त्रियांच्या गळ्यात सापडतात. कन्नड घरांत 'कासिन सर', मराठी घरांत 'पुतळ्यांची माळ'. दोन्हींत नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्या ओवलेल्या असतात. शिवकाळातला 'होन' हाही कन्नड 'होन्नु' म्हणजे सोने यावरूनच आला. उत्तर कर्नाटकात पैशाला सर्रास 'रोक्क' म्हणतात. बंगळूर-म्हैसूरकडे त्याला 'दुड्डु' किंवा 'हण' म्हणतात. मराठीत 'रोख' म्हटले की उधारीच्या उलट. धारवाडकडच्या 'रोक्क' शब्दाला मात्र असा संकोच नाही, कोणताही पैसा म्हणजे रोक्क. गुजरातीत 'रोकडा', मराठीत 'रोकड'. आपल्या कित्येक गावांच्या वेशीवर 'रोकडोबा' नावाचा देव असतो. हा नवसाला उधारी न ठेवता तत्काळ पावतो, अशी श्रद्धा आहे. ज्या समाजाने देवालासुद्धा रोखीचा व्यवहार करणारा आणि न करणारा असे निवडले, त्या समाजाला 'कॅश' या शब्दाची गरज का पडावी असा प्रश्न साहजिक आहे.

गरज पडली ती कार्यालयामुळे आणि बँकेमुळे. आणि एकदा शब्द आल्यावर मराठीने त्याला आपल्या व्याकरणात बसवून घेतले. 'पैसा' पुल्लिंगी, पण 'कॅश' मात्र 'दिली', 'संपली', 'मोजली' अशी स्त्रीलिंगी. बहुधा रक्कम, रोकड, शिल्लक या बहिणींच्या संगतीने. तिचे अनेकवचन होत नाही. 'पैसे कॅश दे' या वाक्यात ती क्रियाविशेषणही होते. वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर एखादा फलंदाज 'मिळालेली संधी कॅश करतो'. सरकारी नोकर शिल्लक रजा 'एनकॅश' करतात. यांतल्या बऱ्याच उपयोगांना मराठी प्रतिशब्द आहेत, पण कॅश म्हटल्याशिवाय त्यांना कॅश मिळेल असे कोणाला वाटत नाही.

आता आमच्या विषयाकडे. देशी पद्धतीच्या रोजकीर्दीत दिवसाच्या अखेरीस हाती राहिलेल्या पैशाला 'श्री शिल्लक' म्हणतात, आणि गुजराती रोजमेळात 'श्री पुरांत'. श्री अक्षर दोन्हीकडे आहे, कारण ती लक्ष्मी. या रोजकीर्दीत डावी बाजू 'जमा' आणि उजवी 'नावे'. इंग्रजी कॅश बुकातही आलेला पैसा डावीकडेच लिहितात, पण त्या बाजूला 'डेबिट' म्हणतात. आणि जमा म्हणजे तर क्रेडिट! पहिल्या वर्षाला या कोड्याने अनेकांची झोप उडते. वस्तुतः कोडे सरळ आहे. रोजकीर्द लिहिणारा गुमास्ता ज्याच्याकडून पैसा आला त्या माणसाच्या नावे ती रक्कम जमा दाखवीत असतो. इंग्रजी कॅश बुक हे मात्र खुद्द कॅशचे खाते आहे. कॅश जणू एक व्यक्ती आहे आणि तिने पैसा घेतला, म्हणून ती डेबिट. एकाने देणाऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याने घेणाऱ्या पेटीकडे. हे एवढे कळले की डेबिट-क्रेडिटचे निम्मे भय जाते, आणि पाठांतराची नियमावली फेकून देता येते. निदान माझे मत तरी तसे आहे. प्राध्यापक महोदयांनी राग मानू नये.

कॅश डिस्काउंट आणि ट्रेड डिस्काउंट यांतला फरक क्रमिक पुस्तकात दिलेला आहे, तो येथे सांगत नाही. 'कॅश क्रेडिट' या जोडशब्दाबद्दल मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात कॅशही आहे आणि उधारीही आहे, आणि दोन्ही एकत्र कशा नांदतात याचे नवल वाटते. या पद्धतीचा उगम स्कॉटलंडात दाखवतात. १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एका व्यापाऱ्याला त्याच्या खात्यातील शिलकेपेक्षा एक हजार पौंडांपर्यंत अधिक उचलण्याची मुभा दिली. आज आपल्याकडचे साखर कारखाने गोदामातील साखर तारण ठेवून बँकेकडून जे खेळते भांडवल घेतात, ते याच नावाने. साखर अजून विकली गेलेली नाही, पैसा अजून आलेला नाही, पण कॅश आली आहे – ती कर्जाची.

आणि ऊस हे पीक तर भूगोलाच्या पुस्तकात 'कॅश क्रॉप' म्हणून प्रसिद्ध, मराठीत 'नगदी पीक'. पण या पिकाइतके उधारीवर चालणारे दुसरे पीक क्वचितच असेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यायला हवे. प्रत्यक्षात हप्ते पडतात, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत पुढच्या उसाला पाणी पाजून झालेले असते. नगदी पीक याचा अर्थ एवढाच की ते घरी खाण्यासाठी नसून विकण्यासाठी असते. ज्वारीचा शेतकरी पैसे मिळाले नाहीत तर निदान भाकरी खाऊ शकतो.

ऊस आणि कॅश यांचे हे नाते नीट पाहायचे तर सुरत जिल्ह्यातील चलथाण हे चांगले ठिकाण आहे. माझे मामा नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाल्यामुळे सुट्टीत जाणे होते. पलसाणा तालुक्यातले हे गाव मुंबई-दिल्ली महामार्गावर आहे आणि उधना-जळगाव लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे. ही जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. गावात सहकारी साखर कारखाना आहे आणि आजूबाजूला, कडोदऱ्यापर्यंत, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या. याच रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या बाजूची मराठी आणि अहिराणी बोलणारी माणसे पिढ्यान् पिढ्या सुरतेकडे येत राहिली. वाण्याच्या दुकानात आपल्याकडे 'आज रोख, उद्या उधार' आणि कन्नड मुलखात 'इंदु नगदु, नाळे उद्री' अशी पाटी असते, तीच तेथे 'आजे रोकडा, काले उधार' अशी भेटते. तिन्ही पाट्यांखाली उधारीची वही तितकीच जाड असते.

दक्षिण गुजरातच्या उसाची तोडणी मुख्यतः बाहेरून आलेले मजूर करतात : डांग आणि तापी भागातले आदिवासी, आणि आपल्याकडचे धुळे-नंदुरबारचे. मजुरांची मोजणी माणशी नव्हे, तर 'कोयत्या'वर होते. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या ऊसतोडणी मजुरांवर १९७८ मध्ये जो लेख लिहिला, त्याने ही व्यवस्था प्रथम जगापुढे आली. तिचा सांगाडा आजही ओळखू येतो. पावसाळ्यात, जेव्हा गावी काम नसते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येऊन उचल देतो. हंगामात पंधरवड्याला धान्य आणि थोडी खर्ची, तिला तिकडे 'खावटी' म्हणतात. मजुरी रोज हातात पडत नाही. वहीत टनांवर मांडली जाते, आणि हंगाम संपला की उचल, खावटी आणि व्याज वजा करून उरेल ते.

मामांच्या शेजारच्या दुकानात नंदुरबारकडचा असाच एक मजूर मीठ-मिरची घेताना भेटला, आणि मराठी ऐकून बोलता झाला. त्याच्या बोलण्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो 'कॅश' हा शब्द फक्त पावसाळ्यातल्या उचलीसाठी वापरत होता. हंगामाच्या अखेरीस मिळणाऱ्या रकमेला तो कधीही कॅश म्हणाला नाही. तिला त्याचा शब्द होता 'हिशेब'. 'हिशेब होईल', 'हिशेब निघाला नाही'. आमच्या पुस्तकात उचल हे देणे आहे आणि मजुरी हे उत्पन्न. त्याच्या भाषेत मात्र कर्ज तेवढे कॅश, आणि कमाई म्हणजे नुसता हिशेब. शब्दकोशकारांनी या अर्थाची नोंद कोठे केल्याचे माझ्या पाहण्यात नाही, परंतु या व्यवस्थेचे याहून नेमके वर्णनही माझ्या पाहण्यात नाही.

हे आकड्यांत मांडून पाहू. गुजरात सरकारने ऊसतोडणीचा किमान दर टनामागे २३८ रुपये ठरवलेला होता. मजूर संघटनांच्या दीर्घ मागणीनंतर तो दुप्पट म्हणजे ४७६ रुपये झाला. समजा एका कोयत्याने २०,००० रुपये उचल घेतली. व्याज नसेल तर ती फेडायला नव्या दराने ४२ टन ऊस तोडावा लागेल. पण या भागात मुकादमाच्या उचलीवर दीडपटीने वसुली होण्याची रीत अनेक पाहणीकारांनी नोंदवली आहे. तशी झाली तर फेड ३०,००० ची, म्हणजे सुमारे ६३ टनांची. जोडीने दिवसाला टनभर ऊस तोडला असे धरले तर केवळ व्याजापोटी एकवीस दिवस भल्या पहाटे उठून कोयता चालवावा लागला. आणि जुन्या दराने हाच हिशेब केला तर ६३ च्या जागी १२६ टन येतात. पाच-सहा महिन्यांच्या हंगामातले चार महिने. खावटी यात धरलेलीच नाही. आमच्या 'कॉस्टिंग'च्या तासाला मजुरीचा दर आणि मजुराची मिळकत या दोन गोष्टी एकच समजून उदाहरणे सोडवली जातात. येथे या दोहोंच्या मध्ये एक वही बसलेली आहे.

येथे कायद्याच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. इंग्लंडात कारखानदार मजुरांना पैशाऐवजी माल देत, किंवा फक्त स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या देत. त्याला 'ट्रक' पद्धत म्हणत. १८३१ च्या ट्रक कायद्याने ती बंद करून मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी असे बंधन घातले. आपल्याकडचा १९३६ चा वेतन प्रदान कायदाही 'प्रचलित नाणी किंवा नोटा' यांतच वेतन द्यावे असे सांगत होता. धनादेशाने किंवा बँकेत द्यायचे तर कामगाराची लेखी संमती लागे. ती अट २०१७ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे कित्येक दशके कॅश हा कामगाराचा हक्क होता. कारण नाणे हातात पडले की कोठे खरेदी करायची, किती खायचे, किती साठवायचे हे त्याचे तो ठरवू शकतो. धान्याच्या रूपाने मिळालेल्या खावटीत ही मुभा नसते.

आज मात्र कॅश या शब्दाला संशयाचा वास येऊ लागला आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई केली. व्यापाऱ्याने एका दिवसात एका माणसाला दहा हजारांहून अधिक खर्च रोखीने दिला तर तो सर्वसाधारणपणे नफ्यातून वजा मिळत नाही. पूर्वी ही मर्यादा वीस हजार होती. या नियमांत कॅश म्हणजे फक्त नोटा आणि नाणी. उलट हिशेबाच्या तिसऱ्या प्रमाणकानुसार, म्हणजे कॅश फ्लो विवरणाच्या नियमांनुसार, बँकेतली मागताक्षणी मिळणारी ठेवही कॅशच. त्यामुळे एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच धनादेशाबद्दल लेखापाल 'कॅश आली' म्हणतो आणि करसल्लागार 'कॅश नाही ना?' म्हणून खात्री करून घेतो. दोघेही बरोबर असतात.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा चलनातील एकूण नोटांपैकी मूल्याने ८६ टक्के नोटा बाद ठरल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास बंदी केली. ऊस, दूध आणि सहकारी बँक हे त्रिकूट ज्या ज्या भागात आहे – कोल्हापूर, बेळगाव, तसेच सुरत – तेथे शेतकऱ्याच्या घरातली कॅश एकाएकी कागद झाली. त्याच डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातील धसई हे गाव महाराष्ट्रातले पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झाले. कॅशलेस या शब्दाचा इंग्रजीतला सरळ अर्थ 'जवळ पैसा नसलेला' असा आहे. त्या दोन महिन्यांत तो अर्थ देशभर सर्वांनाच लागू पडत होता.

पुढे काय झाले ते आकडे सांगतात. नोटबंदीच्या आधी चलन सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे होते. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींच्या वर गेले. आणि याच काळात, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेले यूपीआय भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोहोचले. दोन्ही एकदम वाढावे हे चमत्कारिक दिसते. पण लोक खर्च करतात मोबाइलवरून आणि आडवेळेसाठी ठेवतात नोटा, असे धरले की चमत्कार उरत नाही. 'कॅशबॅक' म्हणून जे परत मिळते ते बहुधा कॅश नसतेच, आणि रुग्णालयातल्या 'कॅशलेस' विम्यात दाखल होताना अनामत मात्र पुष्कळदा कॅशच मागतात, हे ज्याच्या घरी प्रसंग आला आहे त्याला सांगायला नको.

चलथाणच्या परिसरात या शब्दाचा आणखी एक वापर पाहिला, तो नोंदवून ठेवतो. कापड गिरण्यांतल्या कित्येक मजुरांचा पगार आता बँकेत जमा होतो. एटीएमपुढे रांग असते, किंवा त्यात नोटा नसतात. अशा वेळी मोबाइल रिचार्जच्या टपरीवाला यूपीआयने रक्कम घेतो आणि गल्ल्यातून नोटा काढून देतो. हजार रुपयांना दहा रुपये तो स्वतःसाठी ठेवतो. टपरीवर खडूने लिहिले होते : 'अहीं केश मळशे'. 'येथे कॅश मिळेल.' त्याच्या बरोबर खाली कांदे-बटाट्याचा भाव लिहिला होता, त्याच खडूने.